जुना संगणक भंगारात देण्याआधी त्यातली मराठी बाहेर काढा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विंडोज १० ला मिळणारा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद केला. त्यामुळे ग्रंथालये, शाळा, पतसंस्था, गृहनिर्माण सोसायट्या, छोटे प्रकाशक अशा सगळ्यांकडे कोपऱ्यातला जुना संगणक काढून टाकायचा विषय निघाला आहे. दुकानदार जुना ‘डेटा’ नव्या संगणकात टाकून देतो आणि काम झाले असे सगळे समजतात. इंग्रजी कागदपत्रांपुरते ते बरेचसे खरे आहे. मराठीच्या बाबतीत नाही. साधारण १९९० पासून पुढची वीस वर्षे आपल्याकडे संगणकावर जे मराठी टाइप झाले, त्यातले बहुतेक श्री-लिपी, आकृती, आयएसएम, शिवाजी, कृतिदेव अशा फाँटांत आणि पाने लावायच्या पेजमेकरमध्ये, पत्रिका-जाहिराती करायच्या कोरल ड्रॉमध्ये किंवा जुन्या वर्डमध्ये आहे. फाइल नव्या संगणकावर सुखरूप येते. तिला वाचणारा फाँट, तिला उघडणारे सॉफ्टवेअर आणि ते सॉफ्टवेअर चालू करणारे डोंगल (संगणकाला जोडायची किल्ली) मात्र जुन्या डब्याबरोबर भंगारवाल्याकडे जाते. पत्र नेहमीपेक्षा लांबले आहे, पण ही माहिती अर्धवट देण्यात अर्थ नाही.

आधी गडबड कुठे आहे ते पाहू, कारण ती एक नाही, दोन आहेत. पहिली फाइलच्या प्रकाराची. पेजमेकरची फाइल पेजमेकरलाच नीट कळते, कारण तिची आतली रचना कंपनीने कधी खुली केली नाही. दुसरी गडबड त्याहून खोल आहे आणि ती खास आपली, म्हणजे भारतीय लिप्यांची आहे. युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांतल्या प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, रुळण्यापूर्वीच्या या फाँटांत मराठी अक्षर म्हणून काही साठवलेलेच नाही. इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे चित्र म्हणून बसवलेले आहेत. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ हा शब्द टाइप केला असेल, तर संगणकाच्या लेखी तिथे ई, जे, के, बी, एच ही पाच इंग्रजी अक्षरे आहेत. ‘हिंदी’ म्हणजे एफ, जी, ए, एन, एच. त्यातला एफ म्हणजे पहिली वेलांटी, आणि ती ‘ह’च्या आधी साठवली आहे, कारण टंकलेखन यंत्रावर ती आधी मारावी लागे. ‘वर्ष’मधला रफार उलट शेवटी येतो. फाँट आहे तोवर डोळ्यांना सारे ठीक दिसते. फाँट गेला की उरतो तो इंग्रजी अक्षरांचा चिवडा.

एका फाँटात जागा २५६, त्यातल्या वापरता येण्याजोग्या त्याहून कमी, आणि जोडाक्षरांसह देवनागरीचे सगळे तुकडे तेवढ्यातच कोंबायचे. प्रत्येक कंपनीने ते आपापल्या हिशोबाने कोंबले. त्यामुळे श्री-लिपीतला मजकूर आकृतीच्या फाँटात वाचता येत नाही, शिवाजीतला कृतिदेवमध्ये येत नाही. वास्तविक भारतीय मानक ब्युरोने १९९१ मध्येच आयएस १३१९४ हे भारतीय लिप्या संगणकात साठवण्याचे मानक, म्हणजे ‘इस्की’, आणले होते आणि युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षी आली. विंडोज २००० पासून मंगल हा देवनागरी युनिकोड फाँट विंडोजबरोबरच मिळू लागला. पण छापखान्यांतला पेजमेकर युनिकोड कधीच शिकला नाही, आणि मराठीतला बराचसा व्यवहार पेजमेकरवर चालला होता. मानक एकीकडे आणि काम दुसरीकडे, असे पुढे बरीच वर्षे चालले.

आता हाताशी असलेल्या फाइलींचे काय करायचे ते सांगतो. जुना संगणक चालू असेल तर आजचा दिवस त्याचाच आहे. सर्वांत आधी त्यातली ‘फाँट्स’ ही फोल्डर अख्खी कॉपी करून घ्या. एरवी फाँट उचलायची घाई कोणी करत नाही आणि पुढे नेमका तोच कुठे मिळत नाही. मग महत्त्वाची प्रत्येक फाइल तिच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये उघडून पीडीएफ करून ठेवा. पीडीएफ झाली की ॲक्रोबॅट रीडरमध्ये कंट्रोल-डी दाबा, ‘फाँट्स’ या टॅबवर जा आणि प्रत्येक फाँटाच्या नावापुढे ‘एम्बेडेड’ किंवा ‘एम्बेडेड सबसेट’ लिहिले आहे का पाहा. नसेल तर ती पीडीएफ दुसऱ्या संगणकावर पुन्हा चिवडाच दाखवील. ही पीडीएफ म्हणजे अंतिम उत्तर नव्हे. पुढे मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करताना मूळ काय होते ते पडताळायचा तो नमुना आहे.

जुना संगणक आधीच गेला असेल आणि फक्त फाइली उरल्या असतील, तर पहिला नियम असा की काही बदलू नका. चिवडा दिसला की माणूस कंट्रोल-ए दाबतो आणि मंगल फाँट लावून पाहतो. चिवडा चिवडाच राहतो आणि मूळ फाँटाचे नाव, जो एकमेव धागा हातात होता, तोही पुसला जातो. त्यावर फाइल सेव्ह केली की संपले. त्याऐवजी फाइलची प्रत काढा, मूळ फाइल ‘रीड ओन्ली’ करा, प्रत लिब्रेऑफिस या फुकट सॉफ्टवेअरमध्ये उघडा आणि चिवड्यावर कर्सर ठेवा. वरच्या फाँटाच्या चौकटीत मूळ नाव दिसते. तो फाँट संगणकात नसेल तर ते तिरक्या अक्षरांत दिसते. ‘श्री-देव’ आणि पुढे चार आकडे असतील तर श्री-लिपी. ‘डीव्ही-टीटी’ किंवा ‘डीव्हीबी-टीटी’ने सुरू होणारे नाव, मग पुढे सुरेख असो वा योगेश, म्हणजे पुण्याच्या सी-डॅकचे आयएसएम, सरकारी कार्यालयांतून आलेल्या फाइलींत बहुधा हेच असते. नावातला ‘बी’ दिसला तर थोडे हायसे वाटू द्या. त्या फाँटांत इंग्रजी आणि मराठी एकत्र नांदतात, त्यामुळे मजकुरातले इंग्रजी शब्द रूपांतरात वाचतात. हे नाव, आकड्यांसकट, कागदावर लिहून ठेवा. रूपांतरक, म्हणजे मजकूर युनिकोडमध्ये नेणारे साधन, निवडताना हेच लागणार आहे.

आणखी एक सावधगिरी. जुन्या फाँटातल्या फाइलीत वर्ड उघडून दुरुस्त्या करत बसू नका. करायच्याच असतील तर आधी ऑटोकरेक्ट पूर्ण बंद करा. वर्ड इंग्रजी समजून वाक्याचे पहिले अक्षर आपणहून मोठे करतो. कृतिदेवमध्ये लहान डी म्हणजे ‘क’ आणि मोठा डी म्हणजे अर्धा ‘क्’, तेव्हा परिच्छेदाच्या सुरुवातीचा क तिथल्या तिथे मोडतो. अवतरणचिन्हांचे त्याहून वाईट. कृतिदेवमध्ये सरळ एकेरी अवतरण म्हणजे अर्धा ‘श्’ आणि सरळ दुहेरी म्हणजे अर्धा ‘ष्’. वर्ड टाइप करताना त्यांना वळणदार करतो, त्या वळणदार चिन्हांचे क्रमांक निराळे, आणि त्या क्रमांकांवर फाँटात भलताच तुकडा बसलेला. जुन्या फाइलींत श आणि ष असलेलेच शब्द नेमके का फुटलेले असतात याचे हे एक साधे कारण आहे.

पेजमेकरच्या फाइलींना वेगळी वाट आहे. पेजमेकर १९८५ मध्ये आल्डसने काढला, १९९४ मध्ये तो अडोबीकडे गेला, २००१ मध्ये ७.० ही शेवटची मोठी आवृत्ती आली आणि २००४ मध्ये विकास थांबला. त्याचा वारस म्हणजे अडोबीचेच इनडिझाइन. पण पेजमेकर ६ आणि पुढच्या फाइली इनडिझाइनच्या सीएस६ पर्यंतच्या आवृत्त्याच उघडतात. त्यानंतरच्या, भाड्याने मिळणाऱ्या आवृत्त्या उघडत नाहीत. एखाद्या प्रेसमध्ये सीएस६ चालू असेल तर आत्ताच त्या मालकाशी ओळख काढा. त्यात फाइल उघडून ‘आयडीएमएल’ या प्रकारात सेव्ह करून घ्यायची. आयडीएमएल ही उघड वाचता येणारी एक्सएमएल (साध्या मजकुरात खुणा घातलेली) रचना आहे. नवे इनडिझाइन, स्क्रायबस आणि ॲफिनिटी ही पाने लावायची तिन्ही सॉफ्टवेअर ती घेतात. सीएस६ मिळाला नाही तर लिब्रेऑफिस आहे. २०१५ च्या ४.४ या आवृत्तीपासून ते पेजमेकरच्या फाइली आपल्या ‘ड्रॉ’ या भागात उघडते. पानाची मांडणी विस्कटते, स्तंभ सरकतात, काही फाइली उघडतच नाहीत. पण मजकूर फाँटाच्या नावासकट मिळाला तरी अर्धी लढाई झाली.

पेजमेकर अजून चालू असलेल्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. मजकूर ‘एक्स्पोर्ट’ केला की ज्या चौकटीत कर्सर आहे तिच्याशी जोडलेलाच मजकूर बाहेर येतो. शीर्षक, लेखकाचे नाव, चित्राखालची ओळ या स्वतंत्र चौकटी असतात आणि त्या मागे राहतात. दिवाळी अंकाच्या एका फाइलीत अशा चौकटी शेकड्याने निघतात. लेख निघाले म्हणून खूश होऊन पुढे गेले की लेखकांची नावे कुठेच नाहीत असे वर्षभराने कळते. दुसरे, मोठी चित्रे बहुधा फाइलच्या आत नसतातच. आत फक्त अंधूक प्रतिमा आणि चित्र कुठल्या फोल्डरमध्ये आहे याचा पत्ता असतो. ‘सेव्ह ॲज’च्या खिडकीत ‘ऑल लिंक्ड फाइल्स’ असा पर्याय आहे. तो निवडून नव्या फोल्डरमध्ये सेव्ह केले की चित्रे बरोबर येतात.

कोरल ड्रॉमधल्या पत्रिका, हँडबिले, मुखपृष्ठे यांचे दुखणे निराळे. छापायला देण्याआधी ऑपरेटर फाँटाची भानगड नको म्हणून ‘कन्व्हर्ट टू कर्व्हज’ करतो. त्या क्षणी मजकूर संपतो आणि नुसत्या आकृत्या उरतात. त्या छान दिसतात, कुठेही छापता येतात, पण त्यातून एक शब्दही बाहेर काढता येत नाही. तिथे ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरे संगणकाकडून ओळखून घेणे, हा एकच उपाय. पान ३०० डीपीआयच्या चित्रात काढायचे आणि टेसरॅक्ट या फुकट ओसीआर सॉफ्टवेअरला मराठीची डेटा फाइल देऊन वाचायला लावायचे, किंवा गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडायचे. फाँट अगदीच अनोळखी असेल, रूपांतरक सापडत नसेल, पण चांगली पीडीएफ हाती असेल, तर हाच रस्ता रूपांतरकापेक्षा लवकर पोचवतो. स्वच्छ छपाईवर मराठी ओसीआर आता बरे काम करते.

मग रूपांतर. श्री-लिपी, आयएसएम यांच्या नंतरच्या आवृत्त्यांबरोबर युनिकोडमध्ये नेणारी साधने येत. कृतिदेव, शिवाजी यांसाठी फुकट साधने सहज सापडतात. यात बहुतेकांची गफलत एकाच ठिकाणी होते. मजकूर कॉपी करून साध्या नोटपॅडात टाकतात आणि तिथून रूपांतरकात. नोटपॅडात गेला की कुठला शब्द मराठी फाँटात होता आणि कुठला इंग्रजी हे कळायचा मार्ग उरत नाही. मग रूपांतरक ईमेलचे पत्ते, इंग्रजी ग्रंथनावे, औषधांची नावे या सगळ्यांचे इमानेइतबारे ‘मराठी’ करून टाकतो. फाइल आरटीएफ किंवा डॉक्स (.docx) अशा, फाँटाची नावे जपणाऱ्या स्वरूपात ठेवा आणि फाँटाचे नाव पाहून तेवढाच भाग बदलणारे साधन निवडा. तसे साधन नसेल तर इंग्रजी तुकडे आधी शोधून त्यांना खुणा करून घ्या.

रूपांतरानंतरचे मुद्रितशोधन हे नेहमीचे मुद्रितशोधन नव्हे. इथे चुका माणसाच्या नसून यंत्राच्या असतात, त्यामुळे त्या पुन्हा पुन्हा त्याच जागी येतात. म्हणूनच त्या शोधून काढता येतात. पहिला शोध ठिपक्यांच्या वर्तुळाचा. ज्या काना-मात्रेला अक्षर सापडले नाही तिथे ते उमटते. दुसरा रफाराचा: ‘सर्वांत’, ‘वर्षांनी’ अशा शब्दांत रफार आणि अनुस्वार जुन्या फाँटात मिळून एकच तुकडा असतो, आणि कच्चे रूपांतरक त्यातले एक हरवतात किंवा पुढच्या अक्षरावर टाकतात. तिसरा, आणि मराठीत सर्वांत त्रासदायक, ‘दुसऱ्या’, ‘शेतकऱ्यांना’ यांतला अर्धा ऱ. हिंदीसाठी बनलेल्या रूपांतरकांना तो ठाऊकच नसतो. ते ‘दुसर्‍या’चे ‘दुसर्या’ करून मोकळे होतात. सरसकट ‘र्य’ जागी ‘ऱ्य’ घातले तर ‘कार्य’, ‘मर्यादा’, ‘सूर्य’ बिघडतात. आचार्यांना बोलावले की आचाऱ्यांना, समोर दर्या होता की दऱ्या, हे यंत्र ठरवू शकत नाही. सामान्यरूपांची यादी करून शब्दागणिक बदल करणे आणि उरलेले डोळ्यांनी पाहणे, याला पर्याय नाही.

यात एक पोटभेद आहे. हा अर्धा ऱ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो: नुक्त्याच्या ऱ ला हलन्त जोडून, किंवा साध्या र ला हलन्त आणि पुढे ‘झेडडब्ल्यूजे’ हे न दिसणारे जोडचिन्ह देऊन. छापून दोन्ही सारखेच दिसतात. शोध घेताना मात्र एक लिहिले तर दुसरे सापडत नाही. तीच गत ‘ॲ’ची. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ च्या ५.१ आवृत्तीत आले. त्याआधी कोणी अ वर अर्धचंद्र देई, कोणी ऍ वापरी. एकाच संस्थेच्या विश्वस्तांच्या यादीत ‘ॲड.’ तीन प्रकारे निघतो आणि वकील किती होते हे संगणकाला सांगता येत नाही. रूपांतर झाल्यावर एकच तऱ्हा ठरवून सगळीकडे ती लावून घ्यावी. मराठीच्या स्पेलचेकचे एक्स्टेन्शन लिब्रेऑफिसला जोडून घेतले तर मोडके शब्द लाल रेघेखाली आपणहून वर येतात. आकडे शेवटी, पण छापील प्रतीशी ताडूनच पाहावेत. जमाखर्चाच्या पानावर एक आकडा बदलला तर कुठलेही स्पेलचेक सांगणार नाही.

एवढे सगळे कोण करणार, असे कोणी विचारील. सगळे करायची गरज नाही. जे पुस्तक वा अंक छापून बाहेर पडले, त्याची प्रत कुठल्या तरी ग्रंथालयात आहे. ते उद्या स्कॅन होईल. आधी हात घालायचा तो कधीच न छापलेल्या मजकुराला: सभांची इतिवृत्ते, सभासदांच्या नोंदी, पत्रव्यवहार, अपुरी हस्तलिखिते, शब्दकोशांच्या आणि गावांच्या इतिहासांच्या टिपणांच्या फाइली. त्यांची दुसरी प्रत जगात नाही.

ठेवायचे कशात, यावर मते पुष्कळ आहेत. माझे असे: मजकूर ओडीटी (लिब्रेऑफिसचा प्रकार) किंवा डॉक्समध्ये, सोबत पीडीएफ-ए (जपून ठेवण्यासाठीची पीडीएफ), आणि फार मोलाचे असेल तर साध्या यूटीएफ-८ (युनिकोड साठवण्याची पद्धत) मजकुराची एक फाइल. ओडीएफ, ज्यात ओडीटी येते, हे २००६ पासून आयएसओचे मानक आहे (२६३००), डॉक्सची रचना २००८ मध्ये २९५०० या क्रमांकाने मानक झाली.   दोन्ही फाइली आतून झिप आहेत. नावाची शेपटी बदलून झिप केली की आत एक्सएमएल दिसते आणि त्यात युनिकोड मराठी उघड वाचता येते. पुढेमागे यातले कुठलेच सॉफ्टवेअर उरले नाही, तरी मजकूर हाती लागेल. २००७ पूर्वीची डॉक फाइल तशी नाही. तिची रचना मायक्रोसॉफ्टने २००८ मध्ये जाहीर केली हे खरे, पण ती कमालीची गुंतागुंतीची आहे. लिब्रेऑफिसच्या ‘विझार्ड्स’मध्ये ‘डॉक्युमेंट कन्व्हर्टर’ आहे. फोल्डर दाखवली की सगळ्या डॉक फाइली एका बैठकीत ओडीटी होतात. मात्र त्याने फक्त फाइलचा प्रकार बदलतो. आतला कृतिदेव कृतिदेवच राहतो. ते काम वेगळे.

‘वर्ड तर सगळीकडे आहे, चिंता कशाला?’ असे म्हणणाऱ्यांनी ऑफिस २००३ च्या तिसऱ्या सर्व्हिस पॅकची आठवण ठेवावी. २००७ मधल्या त्या सुधारणेनंतर काही जुन्या वर्ड, पॉवरपॉइंट आणि लोटसच्या फाइली सुरक्षिततेच्या कारणाने उघडेनाशा झाल्या आणि त्या उघडायला रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत नोंदींत, हात घालावा लागे. आजच्या वर्डमध्येही ट्रस्ट सेंटरमधल्या ‘फाइल ब्लॉक सेटिंग्ज’मध्ये जुन्या फाइली अडवायची सोय आहे, जुनी फाइल अडली तर आधी तिथे पाहावे. पब्लिशर या मायक्रोसॉफ्टच्याच सॉफ्टवेअरचा आधार ऑक्टोबर २०२६ मध्ये संपतो आहे. शाळांची प्रमाणपत्रे आणि स्नेहसंमेलनाच्या पत्रिका कित्येक ठिकाणी त्यातच असतात. अडोबीने टाइप-१ या जुन्या पोस्टस्क्रिप्ट फाँटांचा आधार जानेवारी २०२३ मध्ये काढला. ज्यांच्या मराठी फाँटांच्या पेट्या टाइप-१ च्या होत्या त्यांना नव्या इनडिझाइनमध्ये त्या दिसतच नाहीत.

पीडीएफबद्दलचा गैरसमजही दूर व्हायला हवा. पीडीएफ-ए हे २००५ पासूनचे मानक दिसण्याची हमी देते: फाँट आतच असतो, पान जसेच्या तसे राहते. लिब्रेऑफिसमध्ये पीडीएफ करताना ‘आर्कायव्हल’च्या चौकटीत बरोबरची खूण केली की ती मिळते. पण पीडीएफमधून मराठी मजकूर परत बाहेर काढायला जाल तर जुन्या फाँटाच्या पीडीएफमधून तोच इंग्रजी चिवडा निघतो, आणि युनिकोड असला तरी जोडाक्षरे आणि पहिली वेलांटी पुष्कळदा जागा सोडतात. म्हणून पीडीएफ एकटी ठेवू नये. लिब्रेऑफिसमध्ये ‘हायब्रिड पीडीएफ’ असा पर्याय आहे. त्यात मूळ ओडीटी पीडीएफच्या पोटातच राहते. एकच फाइल सांभाळायची सवय असलेल्यांना ते सोयीचे पडेल.

ढगात ठेवलेल्यांनीही निर्धास्त राहू नये. गूगल ड्राइव्ह संगणकाशी जोडलेला असेल तर ‘जीडॉक’ अशा शेपटीच्या फाइली दिसतात. त्या पेन ड्राइव्हवर कॉपी करून बॅकअप घेतला असे समजतात. त्या फाइलीत मजकूर नसतो, नुसता दुवा असतो. खाते बंद तर फाइल रिकामी. बॅकअप हवा असेल तर गूगल टेकआउट या गूगलच्या सोयीतून डॉक्स (.docx) करून उतरवावे लागते.

हिशोबाच्या सॉफ्टवेअरबद्दल थोडक्यात. कंपनी कायद्याच्या १२८ व्या कलमाप्रमाणे पुस्तके आठ आर्थिक वर्षे जपायची असतात, जीएसटी कायद्याच्या ३६ व्या कलमाप्रमाणे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने. बॅकअपची फाइल तेवढा काळ जपली म्हणजे पुस्तके जपली असे नाही, कारण ती उघडायला तेच सॉफ्टवेअर लागते. वर्ष बंद केले की रोजकीर्द, खातेवही आणि तेरीज एक्सेल आणि पीडीएफ दोन्हींत काढून ठेवावी.

आता यापुढच्या कामाबद्दल, कारण जुना चिवडा निस्तरताना नवा तयार होतोच आहे. आजही पुष्कळ डीटीपी केंद्रांत लेखकाने दिलेला युनिकोड मजकूर आधी जुन्या फाँटात नेतात आणि मग पाने लावतात. लेखकाने पुस्तकाची ‘फाइल’ मागितली तर पीडीएफ मिळते, आणि तिच्यात पुन्हा तोच चिवडा. ऑपरेटरचे म्हणणे असते, इनडिझाइनमध्ये युनिकोडची जोडाक्षरे फुटतात. फुटतात हे खरे, पण पॅराग्राफ पॅनलच्या मेनूत ‘वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर’ निवडला की फुटत नाहीत. सीएस६ पासून भारतीय लिप्यांची सोय त्यात आहे. ‘चांगले फाँट नाहीत’ हेही आता जुने झाले. एकटाइपचा मुक्ता, टायरो देवनागरी मराठी, नोटो हे खुल्या परवान्याचे आहेत. मजकुराची भाषा ‘मराठी’ नेमली की ज्या फाँटांत सोय आहे त्यांत ल आणि श सुद्धा आपल्या वळणाचे येतात.

तेव्हा पुस्तक, स्मरणिका, अहवाल काहीही करायला देताना ऑर्डरच्या कागदावरच लिहून घ्यावे: छपाईची पीडीएफ, आयडीएमएल, सर्व चित्रे, आणि शेवटच्या प्रुफानंतरचा मजकूर युनिकोडमध्ये, ओडीटी किंवा डॉक्स. ‘शेवटच्या प्रुफानंतरचा’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. दुरुस्त्या पाने लावल्यावर होतात, आणि लेखकाकडे उरतो तो दुरुस्त्यांआधीचा मजकूर. पैसे पूर्ण देण्याआधी फाइल वेगळ्या संगणकावर उघडून एखादा शब्द शोधून पाहावा. सापडला तर ठीक. आधी न ठरवता काम झाल्यावर मागितले तर वेगळे पैसे पडतात, आणि त्यात ऑपरेटरची चूक काढता येत नाही.

सरकारी कार्यालयांना हाच नियम लागू करायला नवा कायदा नको. ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण केंद्राने नोव्हेंबर २०१० मध्येच केले. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यात कलम ४ नुसार अभिलेख सूचीबद्ध ठेवणे बंधनकारक आहे, आणि कलम २ मधील व्याख्येनुसार संगणकात असलेली माहिती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात मागता येते. अर्ज करणाऱ्यांनी ‘छायांकित प्रत’ एवढेच न लिहिता ‘मजकूर शोधता येईल अशी युनिकोड फाइल’ असे स्पष्ट लिहावे. मुद्रित प्रत स्कॅन करून दिलेली पीडीएफ ही इलेक्ट्रॉनिक असली तरी शोधता येत नाही.

शेवटी आपल्यासारख्या दैनिकांना एक विचारणा. १९९५ ते २०१० च्या सुमारास मराठी वृत्तपत्रांची पानेही पेजमेकर, क्वार्क आणि अशाच फाँटांत लागत होती. जिल्हा आवृत्त्यांच्या छापील प्रती ग्रंथालयांत फार थोड्या ठिकाणी जपल्या जातात. त्या काळातल्या पानांच्या फाइली आपल्याकडे आहेत का, आणि त्यातल्या कुठल्या आवृत्तीचा मजकूर युनिकोडमध्ये काढून झाला आहे, हे एकदा वाचकांना सांगावे.

आपला,
डीटीपी व्यवसायातील एक वाचक, पुणे